मुंबई ते जोहान्सबर्ग: पाच तास पाच मिनिटं

आमचे आबा भित्रे होते. मी त्यांची लेक असून हे लिहिते आहे, आणि कमीपणा म्हणून लिहीत नाही. ओझरच्या विमानांच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं फिटर म्हणून काढली. त्या कामाला भित्राच माणूस लागतो. बोल्ट आवळून झाला की तो थरथरीने सुटू नये म्हणून त्याच्या डोक्यातून बारीक तार ओवून पीळ द्यायचा, आणि मग तो पीळही बोटाने चाचपून बघायचा. आबा तीनदा चाचपायचे. खात्यातली पोरं त्यांना 'पुन्हाबघ' म्हणायची. सावळीराम विधाते कुठे बसतात म्हणून कुणी विचारलं तर पटकन सांगता यायचं नाही, पुन्हाबघ म्हटलं की बोट दाखवायचे.

घरीही तेच. गॅसचं बटण, मोटरची कळ, दाराचं कुलूप, सगळं पुन्हा बघायचं. मंगळसूत्र बांधताना ह्या माणसाने गाठ किती वेळा ओढून पाहिली असेल, असं आई बायकांत सांगून हसायची. पण आबांच्या शब्दाला वजन होतं. कारखान्यात काम झालं की कागदावर सही करावी लागे, आणि सही म्हणजे वर जाणाऱ्या माणसाला दिलेला शब्द, असं ते मानायचे. न बघता त्यांनी कधी सही केली नाही. घरीही आबांनी 'झालं' म्हटलं की झालं. आम्ही दोघी बहिणी आणि आई, तिघीही त्यावर डोळे मिटून चालायचो.

आम्ही आनंदवल्लीला राहायचो, गंगापूर रोडला लागून. मागे वीस गुंठे मळा, त्यात मोगरा आणि गुलाब. ते सगळं आईचं राज्य. पहाटे फुलं तोडून फूलबाजारात न्यायची आणि उन्हं चढायच्या आत परत यायची. भागीबाईचा मोगरा म्हणून बाजारात वेगळी टोपली असे. आईला साखरेचा आजार होता. गोळ्या चालू होत्या, उपाशी राहायचं नाही असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. एका नवरात्रात ती बाजारात टोपलीवरच कोसळली होती.

आणि तरीही एक गोष्ट तिने सोडली नव्हती. तिच्या माहेरी, दरी गावात, रीत होती. घरातलं माणूस लांबच्या वाटेला लागलं की ते पोचल्याचा निरोप येईपर्यंत घरच्या बाईने अन्न घ्यायचं नाही आणि घर झाडायचं नाही. लग्न झाल्यावर पहिले आठ दिवस ती आबा ओझरला पोचेपर्यंतही उपाशी बसली होती म्हणे. ओझर म्हणजे काही लांबची वाट नव्हे, असं शेवटी आजीने तिला रागावून सांगितलं. तेव्हापासून तिचे हिशेब पक्के होते. मालेगाव तीन तास, पुणे सहा, मुंबई पाच. तेवढे तास ती सहज काढायची.

सत्त्याण्णवच्या मे महिन्यात माझी मोठी बहीण सरिता जोहान्सबर्गला निघाली. तिचे यजमान सुनीलराव वर्षभर आधी तिकडच्या एका कंपनीत लागले होते. तिचा व्हिसा आता आला. एकटीने जायचं, पहिल्यांदा विमानात बसायचं. आईने पहिला प्रश्न विचारला तो एवढाच, "किती तास?"

तिकीट माझ्या हातात होतं. मी तेव्हा अंबडच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसात होते. कामगार कार्ड पंच करून आत येणार, कार्ड पंच करून बाहेर जाणार, आणि मी दोन वेळांची वजाबाकी करून तास लिहिणार. दिवसाला चारशे कार्डं. माझा हात इतका बसला होता की बोलता बोलता बेरजा-वजाबाक्या व्हायच्या. तिकिटावर होतं, मुंबई सकाळी साडेआठ, जोहान्सबर्ग दुपारी एक पस्तीस. मी म्हटलं, "पाच तास पाच मिनिटं."

"म्हंजे पुण्यापेक्षाबी जवळ!" आईला हसू आलं.

आबा हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी कारखान्यात एका साहेबाला अंतर विचारून आणलं, सात हजार किलोमीटरच्या आसपास. पेपरच्या कडेला त्यांनी भागाकार केला. तासाला चौदाशे किलोमीटर. कुणाही शहाण्या माणसाला इथे शंका यायला हवी होती, कारण प्रवासी विमान आठशे-नऊशेच्या पुढे जात नाही. पण आबांची उभी हयात लढाऊ विमानांत गेलेली. ती याच्या कितीतरी पुढे पळायची. आबांना चौदाशेचा आकडा बैलगाडीसारखा वाटला. ते घाबरले ते दुसऱ्याच कारणाने. त्यांची विमानं तासाभरात खाली यायची, आणि खाली आली की माणसं त्यांना घेरून पुन्हा तपासायची. "पाच तास एका दमात," ते मला हळूच म्हणाले. "खाली नुसतं पाणी. मधी कोणी हात लावणार नाय."

निघायच्या आदल्या दिवशी सरिताने त्यांना विचारलंच. "आबा, तुम्ही रोज विमानाच्या पोटात डोकं घालता. खरं सांगा, भ्यायचं कारण आहे का?"

"काय भ्यायचं नाय, सरू. खुशाल झोप काढ."

हे ते तिच्याकडे न बघता म्हणाले. ती मात्र निश्चिंत झाली. आबांनी म्हटलं म्हणजे झालं.

ती मुंबईला चुलतभाऊ मनोजकडे गेली. तिथे पोचल्याचा फोन आला, आई जेवली, निजली. सकाळी नऊ वाजता मनोजचा विमानतळाबाहेरून पुन्हा फोन आला. विमान बरोब्बर साडेआठला सुटलं, त्याने बोर्डावर पाहिलं. आईने देवाला मोगरा वाहिला, चूळ भरली आणि पदर खोचला. तिचा उपास सुरू झाला. आबांनी रजा टाकली होती. मीही घरीच होते.

एक पस्तीस झाले. आईने देव्हाऱ्यापुढे हात जोडले आणि म्हणाली, "टेकली माझी बाय."

त्यानंतर आम्ही तिघंही फोनकडे बघत बसलो. दोन वाजले. अडीच झाले. सामान घ्यायला वेळ लागतो, रांगा असतात, शिक्के मारतात, असं मी सांगत राहिले. मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. तीन वाजता आबा उठले आणि गंगापूर रोडवरच्या एसटीडी बूथवर गेले. आमच्या फोनवरून परदेश लागत नसे. अर्ध्या तासाने परत आले आणि घरात न येता सरळ मागे, मोटरच्या खोलीकडे गेले. जाताना मला खूण केली.

"उचलत नाय कोणी," ते म्हणाले. "चारदा लावला."

"सुनीलभाऊजी विमानतळावर गेले असतील तिला आणायला."

"दोन तास झाले टेकून. अजून आणूच ऱ्हायले का?" त्यांनी खिशातून तिकिटाची झेरॉक्स काढली आणि माझ्या हातात दिली. "पुन्हा बघ."

मी पुन्हा बघितलं. साडेआठ, एक पस्तीस. बोटांवर मोजलं. पाच तास पाच मिनिटं. वजाबाकीत चूक नव्हती. आबांनी ती माझ्याकडून तिसऱ्यांदा करून घेतली आणि मग ते उकिडवे खाली बसले.

"आबा, उशीर होत असेल. एसटीला नाही का होत?"

"एसटी रस्त्यात उभी ऱ्हाती, पल्लवी. विमान कुठं उभं ऱ्हाईल?"

मला समजलं नाही. त्यांनी समजावून सांगितलं, अगदी सावकाश, नव्या पोराला काम शिकवावं तसं. जेवढं लांब जायचं तेवढं तेल भरतात. वर थोडं राखीव, दुसऱ्या धावपट्टीवर जावं लागलं तर म्हणून. तास, फार तर दीड तास. पाच आणि दीड, साडेसहा. साडेआठात साडेसहा मिळवले की तीन. आता साडेतीन वाजून गेले होते.

"तीनच्या पुढं ते वर असूच शकत नाय," आबा म्हणाले. "टेकलं असतं तर तिनं फोन केला असता. आपली सरू हाय ती, आईचा उपास तिला ठाऊक हाय. पहिला फोन तिनं तिथूनच केला असता."

मोटर चालू होती, पाणी वाफ्यात जात होतं, आणि मला त्या पाण्याकडेही बघवेना. टीव्हीवर काही सांगितलं असतं, मी कसंबसं म्हटलं. "समुद्रात पडलं तर लगेच कळत नाय," आबा म्हणाले. मग त्यांनी झेरॉक्स माझ्या हातातून घेतली आणि तिची घडी घातली. "मला म्हणाली होती, खरं सांगा. मी म्हटलं झोप काढ."

घरातून शेजारच्या साळूमावशीची हाक आली. आम्ही धावलो. आई भिंतीला टेकून बसली होती, कपाळावर घाम, हात थरथरत होते. साळूमावशी तिला गुळाचा खडा देत होती आणि आई तोंड फिरवत होती. "पोरीचा निरोप आल्याबिगर नाय," एवढंच. मावशीने आबांना झापलं, "अहो, काय बघू ऱ्हायले? बाई जाईल तुमची!"

आबांनी आईकडे पाहिलं. मग चपला घातल्या. "बूथवर जाऊन येतो," म्हणाले.

दहा मिनिटांत परत आले. दारातूनच मोठ्याने म्हणाले, "लागला फोन! पोचली. बोललो मी."

आईने डोळे मिटून घेतले. तिच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं. मीही आनंदाने रडायला लागले होते. मग माझं आबांच्या हातांकडे लक्ष गेलं. दाराची कडी त्यांनी इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती.

"तिचा आवाज ऐकला तुम्ही?"

"ऐकला ना."

"काय म्हणाली?"

आबांना हा प्रश्न सुचलाच नव्हता. "थंडी हाय म्हणाली तिकडं. आन्... आईला म्हणाव जेव."

आई जेवली. साळूमावशीने भाकरी कुस्करून दिली, वर दूध, आणि आईने ताटली पुसून खाल्ली. आबा समोर उभे राहून घास मोजल्यासारखं बघत होते. मी त्यांच्या मागोमाग मळ्यात गेले.

"फोन लागला होता का?"

त्यांनी मान हलवली. "नाय. आज जेवू दे तिला. दोघी एका दिवशी नकोत जायला. उद्या पेपरात येईलच."

मी ओरडणार होते. त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. त्या हाताला बूथच्या नाण्यांचा वास येत होता. आयुष्यात न बघता केलेली त्यांची ती एकच सही, आणि ती खोटी होती.

आत आलो तर आईने झाडू हातात घेतला होता. निरोप आला म्हणजे झाडायला हरकत नाही. ती सकाळपासूनचा केर काढत होती, आतून बाहेर, उंबऱ्याकडे, आणि सरिताची पेटी भरली तिथली चिटोरी, दोरीचे तुकडे, सगळं गोळा करत होती. बरं वाटत होतं तिला. सरू आता घर कसं लावेल, तिला भाकरीचं पीठ मिळेल का, असं काहीबाही बोलत होती. आबा उंबऱ्यावर बसले होते. केर त्यांच्या पायापर्यंत आला तेव्हा ती म्हणाली, "उठा की." ते उठेनात. त्यांना तिला थांबवायचं होतं आणि थांबवायला एकही कारण देता येत नव्हतं. ते दोन तास मी कसे काढले ते मला आजही सांगता येत नाही. मी फक्त आईला एकटं सोडत नव्हते.

सात वाजायला दहा कमी असताना फोन वाजला.

आबा जागचे हलले नाहीत. मीही नाही. आम्हा दोघांनाही वाटलं, मनोज. त्याला मुंबईत कळलं असणार. फोन वाजत राहिला. "बहिरे झाले का सगळे?" म्हणत आईने ओले हात पदराला पुसले आणि उचलला.

"हॅलो? कोण? सरू? हां बाय, बोल. मगाशी बोलली ना आबांशी..." ती थांबली. "आत्ता? आत्ता पोचली?"

मी भिंत धरून खाली बसले. आबा उंबऱ्यावरून धडपडत आले आणि रिसीव्हरला कान लावून उभे राहिले. सरिताचा आवाज मलाही पुसट ऐकू येत होता. विमान वेळेवर उतरलं, वाटेत गाडीला थोडा उशीर झाला, बाकी सगळं ठीक. आबांनी सांगितलं म्हणून झोपले, डोळाही उघडला नाही. इथे आता तीन वाजून वीस मिनिटं झालीत.

तीन वीस. आमच्या भिंतीवर सहा पन्नास. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तिकिटावर निघायची वेळ मुंबईची असते आणि पोचायची वेळ तिथली. अमेरिकेत आपला दिवस म्हणजे रात्र, हे मला शाळेपासून माहीत होतं. पण समोरची आफ्रिका, नुसता समुद्र ओलांडला की येणारी, साडेतीन तास मागे असेल हे मनात आलं नाही. माझ्या चारशे कार्डांवर दोन्ही शिक्के एकाच घड्याळाचे असायचे. विमान पाच तासांचं नव्हतंच. साडेआठ तासांहून जास्त होतं. आबा दीड तासाचं राखीव तेल मोजत होते तेव्हा सरिता समुद्रावर खुशाल झोपली होती.

आईने फोन ठेवला. आनंदाने ओरडावं, नाचावं, असं मला वाटत होतं. आबा रडत होते, हसत होते, दोन्ही. आई मात्र शांत होती.

"चार वाजता कोणाशी बोललात?"

आबांनी डोळे पुसले.

"थंडी हाय म्हणाली. आईला म्हणाव जेव. कोण म्हणालं हे?"

"तुझी साखर खाली गेली होती, भागे..."

"तुम्हाला काय वाटलं होतं तेव्हा? खरं सांगा."

आबांनी खरं सांगितलं. तेल, साडेसहा तास, तीन वाजता. आई ऐकत होती आणि तिचा चेहरा मघापेक्षाही पांढरा होत गेला. मग ती माझ्याकडे वळली. "तुलाबी माहीत होतं?" मी मान डोलावली.

"म्हंजे माझी लेक गेली असं धरून तुम्ही मला जेवू घातलं," आई म्हणाली. "दोघांनी मिळून. तिच्या तोंडचं खोटं बोलून. मी ताटली पुसून खाल्ली. घर झाडलं मी." तिने आबांच्या छातीवर दोन्ही हातांनी मारलं, आणि पुन्हा मारलं. "मेली असती तरी मला आधी सांगायचं. तिची आई मी हाय. तुम्ही नाय."

ती फार दिवस रागावून राहिली नाही. पुढे तर हा किस्सा तीच बायकांना सांगायची, मधे मधे हसायचीही. सरिता दर दोन वर्षांनी आली, गेली. आता घड्याळाचा फरक सगळ्यांना पाठ झाला होता, आणि आई साडेआठ तास अधिक दोन असा हिशेब धरून दूध पिऊन बसायची. आबा निवृत्त झाले, मळ्यात आईच्या हाताखाली रुजू झाले. सगळं मागे पडलं असं मला वाटलं होतं.

दोन हजार चार साली आबांच्या छातीत दुखलं. तपासण्या झाल्या, मी त्यांना घेऊन दवाखान्यात गेले, निकाल आले. हृदय उत्तम होतं, पित्त होतं नुसतं. आम्ही दोघं हसत घरी आलो. दारातूनच आबा म्हणाले, "काय नाय निघालं! ठणठणीत."

आई चुलीपाशी उभी होती. ती त्यांच्याकडे बघत राहिली. "पल्लवी, तू सांग."

"खरंच काही नाही गं. हे बघ, कागद वाचून दाखवते."

"तूबी त्यांचीच," आई म्हणाली. तिने कागद माझ्या हातातून घेतले, पदर डोक्यावर घेतला आणि भर उन्हात औषधांच्या दुकानापर्यंत चालत गेली. दुकानदाराने वाचून सांगितलं, बाई, सगळं चांगलं आहे. ती परत आली, आबांना ताट वाढलं, भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला आणि समोर बसली. त्यांचा एकेक घास ती बघत होती.

"ह्या खेपेला तरी मला आधी सांगा," ती म्हणाली. "मी रडणार नाय. किती दिवस दिलेत डॉक्टरांनी?"

आबा धडधाकट होते. पुढे कितीतरी वर्षं तसेच राहिले. पण त्या दुपारी हातातला घास तसाच धरून ते तिला पुन्हा पुन्हा सांगत होते, "भागे, खरंच काय नाय. खरंच काय नाय," आणि दर वेळेला ती जास्तच रडत होती.